‘समरी’ म्हणजे संपली नव्हे: खुनाचा तपास लागलाच नाही तर घरच्यांनी काय करायचं

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकू राहतात, त्यांच्याकडे कापडाच्या दुकानातली एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आहे. तिच्यात त्यांच्या मुलाच्या खुनाची सगळी कागदं. मुलगा जाऊन बारा वर्षं झाली, मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान होतं त्याचं, रात्री शटर ओढून घरी यायला निघाला आणि सकाळी कॅनॉलच्या कडेला सापडला, डोक्यात मार होता. कोणी मारलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. मागच्या वर्षी त्यांच्या रेशनकार्डाच्या कामासाठी म्हणून मी ती पिशवी उपसत होतो तर एक कोर्टाचा कागद हातात आला, घडीवर फाटलेला, आणि त्यावर लिहिलेलं, ‘अ समरी मंजूर’. मी विचारलं काकू हे काय, तर म्हणाल्या, “ते केस संपल्याचं आलं होतं ना रे, समरी झाली.”

त्यांनी समरीचा अर्थ संपली असा लावला होता. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मग एका ओळखीच्या वकिलाकडे जाऊन बसलो, थोडं वाचलं, दोन-तीन ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि जे कळलं ते इथं लिहितोय कारण अशी पिशवी असलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे दिवसाला ७८. यातले बरेच उघडकीस येतात, बहुतेक वेळा मारणारा ओळखीतलाच असतो म्हणून. पण जे येत नाहीत त्यांच्यासाठी त्याच रिपोर्टात एक वेगळा कॉलम असतो, गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही असा. काकूंचा मुलगा त्या कॉलमात आहे.

आता समरीचं सांगतो. पोलिसांनी तपास केला की शेवटी कोर्टात रिपोर्ट द्यावा लागतो. आरोपी सापडला, पुरावा आहे, तर चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र. नाही सापडला तर महाराष्ट्रात समरी रिपोर्ट जातो, पोलिसांच्या बोलीत ‘फायनल’. त्याचे तीन प्रकार. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडत नाही. ‘ब’ म्हणजे तक्रारच खोटी, मुद्दाम कुणाला गुंतवायला केलेली. ‘क’ म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी भांडणाची. म्हणजे काकूंच्या हातातला ‘अ’चा कागद उलट काय सांगत होता तर हो, तुमच्या मुलाचा खूनच झालाय, आणि करणारा अजून बाहेर मोकळा आहे. इतकी वर्षं त्या पिशवीत एवढं मोठं वाक्य पडून होतं आणि घरात कुणाला ते वाचता आलं नाही, कारण ते कुणी कधी मराठीत सांगितलंच नाही.

आणि खुनाला मुदत नसते हे आधी डोक्यात पक्कं करा. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे जे छोटे गुन्हे आहेत त्यांची दखल कोर्टाने किती काळात घ्यायची याला कायद्यात मर्यादा आहे, खुनाला तशी काही नाही. वीस वर्षांनी धागा मिळाला तरी आरोपीला पकडता येतं. कोर्टाने समरी मंजूर केली म्हणून पोलिसांचा पुढचा तपास करायचा अधिकार जात नाही, पूर्वीच्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, तो १७३(८) खाली होता, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे बीएनएसएसमध्ये, कलम १९३ मध्येच आहे. फाईल कपाटात जाते हे खरं, पण कपाटाला कायद्याने कुलूप लावलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. पोलिसांनी समरी पाठवली म्हणून ती आपोआप मंजूर होत नाही. मॅजिस्ट्रेटला ती मान्य करता येते, फेटाळून अजून तपास करा म्हणता येतं, किंवा कागदांतच कुणाविरुद्ध पुरेसं काही दिसलं तर थेट दखलही घेता येते. आणि मान्य करायच्या आधी ज्याने फिर्याद दिली त्याला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच भगवंत सिंग केसमध्ये सांगून ठेवलंय. त्या वेळी जो अर्ज द्यायचा त्याला कोर्टात सगळे ‘प्रोटेस्ट पिटिशन’च म्हणतात. त्यात रडगाणं नको, मुद्दे पाहिजेत. अमक्याचा जबाब घेतला नाही, अमक्या दुकानाचा कॅमेरा पाहिला नाही, मोबाईलचा सीडीआर, म्हणजे कॉल रेकॉर्ड, काढला का ते कागदात कुठेच नाही, शेवटचा कॉल कुणाचा होता त्याला विचारलं का, असं. काकूंच्या केसमध्ये फिर्याद दिली होती त्यांच्या दिरांनी, नोटीस गेली असेल तर त्यांच्या जुन्या पत्त्यावर, दीर तोवर मुलाकडे सुरतला. म्हणजे ऐकून घेण्याची जी एक वेळ कायद्याने ठेवलेली होती ती एका बदललेल्या पत्त्यात गेली. म्हणून फिर्याद देणाऱ्याचा पत्ता आणि फोन नंबर बदलला की पोलीस स्टेशनला आणि कोर्टाला लेखी कळवा, इतकी साधी गोष्ट, पण ही राहते.

दुसरं असं की ‘पीडित’ या शब्दात मेलेल्या माणसाचे कायदेशीर वारसही येतात. २००९ च्या दुरुस्तीनंतर वारसांना आरोपी सुटला तर स्वतः अपील करता येतं, सरकारने करायची वाट बघायला नको. आणि २०२२ मध्ये लखीमपूर खिरीच्या जामिनाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे. नव्या कायद्यात तर तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक केलंय. ते कळवतात का? विचारलं तर कळवतात. न विचारता फोन आल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

विचारायला जाताना हात हलवत जाऊ नका. एका कागदावर वर गुन्हा रजिस्टर नंबर, तो ‘गु.र.नं.’ लिहून पुढे आकडा आणि वर्ष असा असतो, खाली कलमं, मयताचं नाव, तपास अधिकाऱ्याचं नाव, आणि मग एकच प्रश्न, आज तपासाची स्थिती काय आहे. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची, दुसरीवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का देत नाहीत तर स्पीड पोस्टाने एसपींना किंवा आयुक्तांना पाठवायचं आणि पावती जपायची. तोंडी विचारलं की “साहेब बंदोबस्ताला गेलेत” हे उत्तर मिळतं, कागदाला असं उत्तर देता येत नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. कोर्टात समरी गेली असेल तर तिथे नक्कल अर्ज करून समरी रिपोर्ट आणि त्याच्यासोबतची कागदं मागायची, तीच खरी सोन्याची खाण असते, कारण पोलिसांनी काय केलं आणि काय राहिलं ते तिथे दिसतं. काकूंच्या बाबतीत आम्ही हेच केलं. नक्कल मिळायला दोन महिने गेले आणि त्यात कळलं की दुकानाशेजारच्या चहावाल्याचा जबाब साडेतीन ओळींचा आहे. साडेतीन ओळी! तो माणूस गल्लीतल्या कुत्र्याविषयीसुद्धा अर्धा तास बोलतो.

वकील परवडत नाही म्हणून लोक इथेच थांबतात. थांबू नका, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली बाई असेल, लहान मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचं कुणी असेल, अपंग असेल तर उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या नंबरवर फोन करून विचारता येतं. काकू बाई आहेत म्हणजे अर्ज केला की झालं, पण बारा वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यात मीही आलो, तिसऱ्या घरात राहून.

पैशाचं बोलायला लोक लाजतात, त्यातही खुनानंतर, की मुलाच्या जीवाचे पैसे घेतले असं गाव म्हणेल. काकूही तेच म्हणाल्या. पण घर कमावत्या माणसावर चालत होतं ना. कायद्यात एक कलम आहे, पूर्वी ३५७-अ, आता बीएनएसएसचं ३९६, पीडितांच्या नुकसानभरपाईचं. त्याचं चौथं उपकलम कुणी वाचत नाही. त्यात लिहिलंय की आरोपी सापडलाच नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना राज्य किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो, आणि प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची आहे. म्हणजे नेमकं अ समरीवाल्या घरांसाठीच ते लिहिलंय! बहुतेकांची समजूत अशी की आरोपीला शिक्षा झाली की मगच काहीतरी मिळतं, त्यामुळे ज्यांचा आरोपीच नाही ती घरं त्या ऑफिसकडे फिरकतच नाहीत. किती आणि किती दिवसांत अर्ज करायचा हे प्रत्येक राज्याच्या योजनेत ठरलेलं असतं, उशीर झाला असेल तर उशिराचं कारण खरं खरं लिहून अर्ज करायचा, आपणहून घरात बसून तो नामंजूर करायचा नाही.

अजून दोन गोष्टी, या दोन्ही पासबुकात आणि सातबाऱ्यात लपलेल्या असतात. बँकेत खातं काढताना किंवा नंतर कधीतरी मॅनेजरने सही घेतलेली असते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची, वर्षाला २० रुपये कापले जातात, २०२२ च्या आधी १२ होते. हा अपघाती विमा आहे दोन लाखांचा, १८ ते ७० वयासाठी, आणि त्याच्या नियमांत आत्महत्या बसत नसली तरी खून बसतो. त्यामुळे घरातलं कुणी असं गेलं की पहिल्यांदा पासबुक प्रिंट करून आणा आणि मे-जूनच्या आसपास ती बारीक एंट्री आहे का बघा, क्लेम शक्यतो ३० दिवसांच्या आत बँकेत द्यायचा असतो. त्या ३० दिवसांत माणूस दहाव्या-तेराव्यात आणि पोलीस स्टेशनात अडकलेला असतो, म्हणून हे काम शेजाऱ्याने, चुलत्याने, कुणीतरी बाहेरच्याने अंगावर घ्यायचं. आणि शेती असेल तर आपल्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्या अपघातांच्या यादीत सर्पदंश, वीज पडणं यांच्यासोबत खूनही आहे, दोन लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा खून अॅट्रॉसिटी कायद्यात बसला तर २०१६ च्या नियमांप्रमाणे सव्वाआठ लाख आहेत, निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे चार्जशीट गेल्यावर, शिवाय पेन्शन. पण मारणारा कोण, कोणत्या जातीचा हेच माहीत नसेल तर अॅट्रॉसिटी लागणार कशी, आणि चार्जशीटच नाही तर दुसरा हप्ता कसला. अ समरीची घरं इथे पुन्हा मागे राहतात.

आता तपास लागत का नाही यावर थोडं. लोक एकदम म्हणतात पैसे खाल्ले. खाल्लेही असतील कुठे. पण बऱ्याचदा गाडं पहिल्या दोन-तीन दिवसांतच रुतलेलं असतं. मृतदेह सापडला की आधी ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, आणि डॉक्टरांचं मत यायला वेळ लागला, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले पोटातले अवयव, लॅबमध्ये पडून राहिला, की तोवर तो खून आहे हेच कागदावर नसतं. दरम्यान जागेवरून शंभर माणसं चालून गेलेली असतात, फोटो काढायला. दुकानांच्या कॅमेऱ्याचं फुटेज पंधरा दिवसांनी, महिन्याने स्वतःच पुसलं जातं कारण हार्डडिस्क लहान असते. मोबाईल कंपन्यांना कॉल रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवायचा नियम आहे, २०२१ अखेरपर्यंत तर एकच वर्षाचा होता, ती मुदत उलटल्यावर मागायला गेलात तर मिळेलच असं नाही. तपास अधिकारी बदलून जातो, नवा येतो त्याच्या टेबलावर आधीच ढीग. बाई किंवा मुलगी असेल तर आधी ‘मिसिंग’ घेतात आणि पळून गेली असेल म्हणून महिनाभर सगळे गप्प.

रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यात गागोदे खुर्दच्या जंगलात मे २०१२ मध्ये एक जळालेला मृतदेह सापडला होता, नमुने घेतले गेले, पण खुनाचा गुन्हा काही दाखल झाला नाही. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, मुंबईत एक ड्रायव्हर हत्यारासकट पकडला गेला आणि त्याच्या बोलण्यातून शीना बोरा या मुलीच्या खुनाचं ते प्रकरण बाहेर आलं. कुणी काय केलं ते कोर्ट ठरवेल, खटला चालू आहे, पण तीन वर्षं ती मुलगी कुणाच्या रजिस्टरमध्ये खून म्हणून नव्हतीच हे तर झालंच ना. तिथे मुंबईतलं नावाजलेलं घर होतं. कॅनॉलकडेच्या मोबाईलवाल्याचं काय.

दुसऱ्या बाजूने बघा. नरेंद्र दाभोलकरांचा खून पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. तपास पुणे पोलिसांकडून सीबीआयकडे गेला, एकदा एका दिशेने, मग दुसऱ्या. २०१८ च्या ऑगस्टमध्ये नालासोपाऱ्यात शस्त्रसाठा सापडला, एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, धरपकड केली, आणि त्या भलत्याच केसच्या चौकशीतून गोळ्या झाडणारे म्हणून ज्यांना पुढे शिक्षा झाली ते दोघे हाती लागले. १० मे २०२४ ला पुण्याच्या कोर्टाने त्या दोघांना जन्मठेप दिली, तिघे पुराव्याअभावी सुटले, आणि सूत्रधारापर्यंत तपास पोचला नाही हे कोर्टानेच नोंदवलं. जवळजवळ अकरा वर्षं. या अकरा वर्षांत घरचे हायकोर्टात जात राहिले, हायकोर्टाने कितीतरी वर्षं तपासावर स्वतः देखरेख ठेवली, आणि अंनिसचे, म्हणजे दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत राहिले. मी एकदा कामासाठी पुण्यात होतो तेव्हा पाहिलंय, तीस-चाळीस माणसं असतील, रिक्षा हॉर्न देत जातायत, आणि ही माणसं बोर्ड धरून उभी. मला तेव्हा वाटलं होतं याने काय होणार. आता वाटतं की तारीख चुकली नाही म्हणून फाईल कपाटात गेली नाही.

अश्विनी बिद्रे तर स्वतः पोलिसात होत्या, सहायक पोलीस निरीक्षक. २०१६ च्या एप्रिलमध्ये नाहीशा झाल्या, अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायलाच २०१७ उजाडलं, संशय त्यांच्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्यावर, अटक त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये. मृतदेह शेवटपर्यंत सापडला नाही. तरी २०२५ च्या एप्रिलमध्ये पनवेलच्या कोर्टाने मुख्य आरोपी असलेल्या त्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. मृतदेह नाही म्हणजे केस नाही ही समजूत त्या दिवशी तरी मोडायला हवी. हे झालं कारण नवरा, भाऊ, घरचे नऊ वर्षं अर्ज करत राहिले, आणि ज्यांच्या विरुद्ध अर्ज ते खात्यातलेच.

आणि सगळीकडे असं होतं असंही नाही. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी, जमिनीचे घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढणारे, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेले असताना वार करून मारले गेले. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, सीबीआय आली, २०१४ मध्ये फाईल बंद करायचा रिपोर्ट दिला, मग तपास पुन्हा उघडला, अटकाही झाल्या, आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद करायचा रिपोर्ट. त्यांचे भाऊ तरी लढत राहिले. एवढं नाव, एवढे पेपरवाले, एवढी मोठी यंत्रणा असूनही असं होऊ शकतं, हे काकूंना सांगावं की नाही याचा मी बराच विचार केला. सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे आपलंच नशीब तसं नाही.” त्यातही त्यांना बरं वाटलं, का ते मला नीट कळलं नाही.

मग जागृती म्हणजे नक्की काय करायचं. आपल्याकडे काय होतं, पहिल्या आठवड्यात कँडल मार्च, तालुका बंद, व्हॉट्सअॅपवर मृतदेहाचा फोटो आणि खाली हात जोडलेले इमोजी, दहाव्या दिवशी सगळं थंड. मृतदेहाचा फोटो फिरवू नका हो, ते घरच्यांच्या फोनवरही येतं. काकूंच्या भाचीला तो फोटो शाळेच्या ग्रुपवर आला होता. आणि खुनासोबत बलात्काराचाही गुन्हा असेल तर मेलेल्या मुलीचं नाव, फोटो, गावाची ओळख छापणं हाच गुन्हा आहे, मोर्चाच्या बॅनरवर सुद्धा. “अमक्यानेच केलंय” असं नाव घेऊन लिहिणं तर दोन्हीकडून मारतं, निर्दोष असला तर त्याचं आयुष्य जातं, आणि खरा असला तर उद्या त्याचा वकील म्हणणार सगळे साक्षीदार फेसबुक वाचून बोलतायत.

उपयोगी पडतो तो बारीक प्रश्न. “न्याय मिळालाच पाहिजे” या पोस्टरला कुणी उत्तर देऊ शकत नाही. पण अमुक तारखेला रात्री साडेनऊ ते अकरा या वेळात बाजारपेठ ते कॅनॉल रोडवर तुम्ही होता का, निळ्या चेकचा शर्ट घातलेला मुलगा कुणाबरोबर पाहिला का, हे वाचून एखाद्याला आठवतं की अरे त्या दिवशी तर आपली म्हैस व्यायली होती, आपण डॉक्टरला आणायला त्याच रस्त्याने गेलो होतो. माणसाला तारीख आठवत नाही, म्हैस आठवते. म्हणून पोस्टरवर तारखेसोबत त्या दिवशी गावात काय होतं ते लिहायचं, जत्रा, लग्न, मॅच, लाईट गेलेली. आणि वर्षं गेल्याने एक फायदाही होतो, तेव्हाचे मित्र आता मित्र राहिलेले नसतात, बायको माहेरी गेलेली असते, ज्याला तेव्हा भीती वाटत होती तो आता पुण्याला नोकरीला असतो. अमेरिकेत फ्लोरिडात २००५ च्या सुमारास पोलिसांनी असे न लागलेले खून पत्त्यांच्या कॅटवर छापून तुरुंगात वाटले, एकेका पत्त्यावर एकेका मयताचा फोटो आणि माहिती, कारण कैदी दिवसभर पत्तेच खेळतात आणि कुणी काय बढाया मारल्या ते त्यांनाच माहीत असतं, आणि त्यातून खरंच गुन्हे उघडकीस आले. आपल्याकडे करायचं तर पत्त्यांआधी परवानगीच्या फाईलचा जोकर निघेल, पण कल्पना मला आवडली.

ज्याला काही माहीत आहे पण घाबरतो त्याच्यासाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, सुप्रीम कोर्टाने मान्य केलेली, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा. महाराष्ट्राने तर २०१७ मध्ये वेगळा कायदाही केला होता. प्रत्यक्षात गावात पोलीस दाराशी बसवला तर गावाला आपोआप कळतं की साक्षीदार कोण, तेव्हा यावर माझा फार भरवसा नाही, पण नाव गुप्त ठेवा असं अर्जात मागता येतं एवढं माहीत असावं.

आम्ही काकूंच्या बाबतीत जानेवारीत दोन अर्ज केले. एक एसपींना, पुढचा तपास व्हावा म्हणून, त्यात चहावाल्यासकट चार माणसांचे जबाब पुन्हा घ्या आणि मुद्देमाल, म्हणजे शर्ट आणि तुटलेलं घड्याळ, नष्ट करू नका, त्यावरचे नमुने आता तपासता येतील का बघा असं लिहिलं. दुसरा विधी सेवा प्राधिकरणाला, भरपाईचा. पहिल्याला एक ओळीचं उत्तर आलंय की अर्ज संबंधित पोलीस स्टेशनला पाठवला. दुसऱ्यावर दोनदा बोलावणं आलं, वारस दाखला मागितला, तो तहसीलच्या खिडक्यांमधून फिरतोय. म्हणजे काही लागलेलं नाही, उगीच यशोगाथा समजू नका.

पण एक राहिलं, ते या सगळ्या कलमांत नाही. अशा घरी गेल्यावर “काही लागला का तपास?” असं विचारू नका. काकू म्हणतात बारा वर्षं लोक हेच विचारतात, आणि नाही म्हटलं की त्यांनाच अवघडल्यासारखं होतं आणि मग ते यायचेच बंद होतात. त्याच्याबद्दल बोला, तो मोबाईल कसा उघडायचा, कुणाचे पैसे घ्यायचा नाही, कसा चिडायचा. पहिल्या दिवाळीला सुतक म्हणून गल्लीभरातून त्यांच्याकडे फराळाची ताटं आली होती. दुसऱ्या वर्षापासून बंद, कारण लोकांना वाटलं आता घरी करत असतील. त्यांनी त्यानंतर कढई चढवलेलीच नाही. हे मला मागच्या दिवाळीत कळलं, तेव्हा आमच्या घरून ताट पाठवलं. चकली मऊ पडली होती, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन सांगितलं, मोहन कमी घातलं असं, आणि माझ्या बायकोला भाजणीचं प्रमाण लिहून देऊन गेल्या.